आधी राणीला, मग हौसाला

एका गावात गेणू नावाचा एक भोळा कुंभार होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक चिडके आहेत आणि ही गोष्ट ते अजून विसरलेले नाहीत.

गेणूच्या चाकावरून मडकं असं उतरायचं की माणसानं बघत राहावं. हात शहाणा होता. डोक्याचं मात्र तसं नव्हतं. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा, कणभर कमी नाही की जास्त नाही. काम बिघडलं की त्याची आई धुरपाबाई त्याला फैलावर घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "फुडच्या बारीला असं करायचं. ध्यानात ठेव." गेणू म्हणायचा, "ठेवलं." आणि खरोखर ठेवायचा. तिथंच सगळा घोळ व्हायचा. पुढची वेळ यायची ती भलतीच असायची, आणि गेणू मागच्या वेळचं शहाणपण घेऊन तिच्यात शिरायचा.

घरात धुरपाबाई, गेणू, त्याची बायको हौसा आणि दोन मुली. थोरली तानी, धाकटी चिंगी. चिंगी अजून अंगावर पीत होती. शिवाय परड्यात राणी नावाची गाढवीण आणि तिचं शिंगरू.

चिंगीच्या वेळी हौसा मरता मरता वाचली होती. रक्त फार गेलं. अजूनही उभी राहिली की तिला अंधारी यायची, माती तुडवता तुडवता मध्येच भिंत धरायची. नदीपलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला बजावलं होतं की आता अंगात रक्त भरेपर्यंत पुढचं बाळ नको, पुन्हा असं झालं तर वाचशीलच असं नाही. त्यासाठी तांबी बसवून घे. तांबी म्हणजे पुढचं बाळ थांबून यावं म्हणून बसवतात ती बारीकशी वस्तू. नको झाली की काढता येते. हौसाला ते पटलं. तिला जगायचं होतं. दोन पोरी होत्या, त्यांच्या वेण्या घालायच्या होत्या.

पण धुरपाबाईला नातू हवा होता, आणि तोही लगेच. कुंभारआळीतली सून घरच्यांच्या होकाराशिवाय दवाखान्याची पायरी चढत नसे, तशी रीतच होती. तेव्हा नवऱ्याला हाताशी धरायचं, एवढाच मार्ग उरला. हौसाला दुसरा नवरा नव्हता. म्हणून तिनं हे काम गेणूला सांगितलं.

ती म्हणाली, "आवं, नदीपल्याड जाऊन या. तांबी बसवायला कंदी येऊ, तेवढं इचारून या. पण कुणालाबी काय सांगू नका."

गेणू म्हणाला, "न्हाई सांगत."

तो दवाखान्यात गेला. नर्सबाईंनी विचारलं, काय होतंय? गेणू गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. गेणूनं ओठ घट्ट मिटून घेतले. कुणालाही म्हणजे कुणालाही, आणि नर्सबाई कुणीतरी होत्याच. त्यांना वाटलं, बिचाऱ्याचा घसा गेलाय. त्यांनी त्याला आ करायला लावलं, आत जांभळं औषध फासलं, गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

गेणू जांभळं तोंड घेऊन घरी आला. हौसानं कपाळावर हात मारला. रागवायला अंगात जोर नव्हता, म्हणून तिनं शांतपणे समजावलं. विचारणाऱ्यापासून लपवायचं नसतं, जो विचारेल त्याला नीट सगळं सांगायचं असतं. ध्यानात ठेवा.

गेणूनं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या खेपेला तो निघाला. आळीच्या तोंडाशी न्हाव्यानं सहज विचारलं, काय गेणू, कुठं निघालास? गेणू थांबला आणि नीट सगळं सांगितलं. हौसाला अंधारी येते इथपासून तांबीपर्यंत. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. तो म्हणाला, तांबी एका जागी राहत नाही, ती वर वर चढत जाते आणि शेवटी डोक्यात जाऊन बसते. त्याच्या मेव्हण्याच्या गावात एका बाईच्या बसली होती. पुढं वाण्यानं विचारलं. त्यालाही सांगितलं. वाणी म्हणाला, पोरी काय, लोकाच्या घरी जाणार, चाक फिरवायला एक तरी पोरगा पाहिजे. पुढं देवळातले महाराज भेटले. ते म्हणाले, देव देतो त्याला नाही म्हणू नये. महाराज स्वतः ब्रह्मचारी होते, त्यांना देवानं काही दिलं नव्हतं. पारावर सरपंच बसले होते, त्यांनी तर विचारलंही नाही, आपण होऊनच सांगितलं की सुनांना मोकळं सोडलं की त्या शेफारतात.

हौसाच्या पोटाची इतक्या लोकांना इतकी माहिती आहे, हे खुद्द हौसालाही ठाऊक नव्हतं.

गेणूनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. दवाखान्यात पोचला तेव्हा दाराला कुलूप होतं. आणि तो घरी परतायच्या आत बातमी घरी पोचली होती.

धुरपाबाई उंबऱ्यावरच उभी होती. तिनं आधी सुनेला सुनावलं, मग लेकाला. हौसा खाली मान घालून चिंगीला पाजत राहिली. "थोरामोठ्यांना इचारल्याबिगर कायबी करायचं न्हाई," धुरपाबाई म्हणाली. "काय करायचं असंल, आधी थोरांना इचार. ध्यानात ठेव."

"ठेवलं," गेणू म्हणाला.

थोर म्हणजे कोण, हे तिनं सांगितलं नव्हतं. तिच्या मनात ती स्वतःच होती. गेणूनं विचार केला, गावात सगळ्यांत थोर हैबतीतात्या. त्यांना तर दातही उरले नव्हते.

चार दिवसांनी गेणूनं मडक्यांचा आवा लावला. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. वारं सुटलं, एक ठिणगी उडाली आणि शेजारच्या गवताच्या पेंढ्यांवर पडली. धूर निघाला. गेणूच्या हातात पाण्यानं भरलेली घागर होती. ओतायला हात पुढं झाला, आणि तो थांबला. घागर खाली ठेवून तो हैबतीतात्यांकडे गेला.

तात्या बाजेवर बसले होते. गेणूनं विचारलं, "तात्या, पेंढ्या पेटल्यात. पाणी वतू का?"

तात्यांना बऱ्याच दिवसांत कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं. त्यांनी गेणूला बसवून घेतलं, तू कुणाचा ते विचारलं, त्याच्या आजाची आठवण काढली, आणि मग आपल्या तरुणपणी पाटलाची गंजी कशी पेटली होती ते अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. गंजी विझेपर्यंत गेणू हलला नाही. घरी आला तेव्हा शेजाऱ्यांनी आग विझवली होती, पण निम्म्या पेंढ्यांची राख झाली होती.

धुरपाबाई म्हणाली, "आग लागल्यावं कुणी इचारत बसतं का? जाळ दिसला की आधी पानी वतायचं, मंग बोलायचं. ध्यानात ठेव."

गेणूनं ठेवलं.

आता इकडे धुरपाबाईला चैन पडेना. तांबीची गोष्ट आळीभर झाली होती. नातवाचं काम लवकर उरकायला हवं, म्हणून ती हौसाला घेऊन डोंगराखालच्या भगताकडे गेली. सोबत गेणूला नेलं. हौसाला चालवत नव्हतं, पण नाही म्हणायची तिची टाप नव्हती. वाटेत ती बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. धुरपाबाई म्हणाली, "पोराच्या येळंला असंच व्हतं." चिंगीच्या वेळीही तिनं हेच म्हटलं होतं.

भगतानं धुनी पेटवली. केस मोकळे सोडले. घुमायला लागला. नातू आता वाटेत आहे, वेशीपाशी आला आहे, अशी तो खबर देत होता. गेणू मागं उभा होता. त्याला फक्त जाळ दिसला. कोपऱ्यात पाण्याचा रांजण होता. तो गेणूनंच घडवलेला होता, म्हणून कुठं धरला की उचलतो हे त्याला ठाऊक होतं.

त्यानं आधी पाणी ओतलं. मग म्हणाला, "जाळ दिसला."

धुनी विझली. भगत तर धुनीच्याही आधी विझला. त्याची दाढी, केस, भस्म सगळं एक होऊन गळायला लागलं, आणि वेशीपर्यंत आलेला नातू तिथूनच माघारी गेला असं त्यानं जाहीर केलं. हौसानं पदर तोंडात कोंबला. कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं होतं, आणि ते दाबताना तिला दम लागला.

धुरपाबाई कडाडली, "देवाधर्माच्या कामात हात घालायचा न्हाई. हात जोडून हुबं ऱ्हायाचं. जे चाललंय ते चालू द्यायचं. ध्यानात ठेव."

"ठेवलं," गेणू म्हणाला.

पुढच्या आठवड्यात माती आणायची होती. तळ्यातली काळी माती गेणूनं राणीच्या पाठीवर लादली. राणीच्या पाठीला जुनी जखम होती, तिच्यावर गोणीचा काठ घासत होता. शिंगरूही पायात पायात करत होतं. ओढ्यापाशी राणीचे पाय लटपटले. ती थांबली, कलली, आणि ओझ्यासकट पाण्यात बसली. गेणूला आता काय करायचं ते पक्कं माहीत होतं. त्यानं हात जोडले. जे चाललं होतं ते चालू दिलं. माती विरघळून ओढ्यातून वाहत गेली. मागून दोन बाया येत होत्या. गेणू एवढा हात जोडून उभा आहे म्हणजे काहीतरी जागृत असणार, असं समजून त्यांनीही हात जोडले. एकीनं तर राणीच्या कपाळाला कुंकूही लावलं.

धुरपाबाईला कळलं तशी ती धावत आली. पाठोपाठ हौसा आली. तिच्या डोक्यावर मातीची पाटी होती, कडेवर चिंगी होती. तळ्यावर उरलेली माती तिनंच भरून आणली होती.

धुरपाबाईनं गोणी सोडली, राणीला उठवलं, पाठ बघितली आणि तिचे डोळे भरून आले. राणी त्या घराची लक्ष्मी होती. तिनं तिथंच जखमेवर तेल-हळद लावली, तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला, तिच्या गळ्याला मिठी मारली. हौसा पाटी घेऊन उभी होती. पाटी उतरवायला कुणाचा तरी हात लागतो, आणि दोघांचेही हात गुंतले होते. एकाचे जोडलेले होते, दुसरीचे गाढविणीच्या गळ्यात होते.

"गेण्या," धुरपाबाई म्हणाली, आणि या वेळी ती ओरडली नाही, म्हणून गेणूनं जास्तच लक्ष देऊन ऐकलं. "मुकं जनावर हाय. तिला सांगता येत न्हाई, म्हून आपण इचारायचं. पाठीची जखम भरली का. पिल्लू अजून दूध पितंय का. अंगात ताकद आली का. तिनं मान हालवल्याबिगर वजं चढवायचं न्हाई. कुणीबी सांगू दे. म्या जरी सांगितलं तरी न्हाई. ध्यानात ठेव."

"ठेवलं," गेणू म्हणाला. आणि यापूर्वी कुठलीही गोष्ट ठेवली नसेल इतकी घट्ट ठेवली.

भगताचं फिसकटलं, म्हणून धुरपाबाईनं दुसरा घाट घातला. मंगळवारी आळीतल्या सगळ्या बायकांना बोलवायचं, हौसाची ओटी भरायची, देवीला नातवाचं साकडं घालायचं. देवीच्या साक्षीनं एकदा ओटीत नारळ पडला की सुनेला तांबीचं नावही काढता येणार नाही. हे हौसाला कळत होतं. पण ओटीला नाही कशी म्हणणार? ओटीला आजवर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं.

हौसाला पाटावर उभं केलं. तिनं पदर पुढं धरला. एकेक बाई पुढं येऊन घालू लागली. तांदूळ आले, हळकुंडं आली, सुपाऱ्या, खारका, खण. प्रत्येकीला वाटत होतं आपलं थोडं जास्त असावं. ओटी जड होत गेली. धुरपाबाईनं गेणूला वाण्याकडून चांगला मोठा नारळ आणायला पिटाळलं होतं. तो नारळ घेऊन दारात आला.

त्याला काय दिसलं? ओझं चढत होतं. हौसाचे पाय लटपटत होते. ओढ्यापाशी राणीचे लटपटले होते तसेच.

धुरपाबाई म्हणाली, "आण तो नारळ हिकडं. नारळ पडला की नातू आला म्हून समज."

"थांब," गेणू म्हणाला.

तो सगळ्या बायकांच्या मधून चालत पाटापाशी गेला. तिथं पुरुषानं यायचं नसतं, पण तसं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं हौसाकडे बघितलं आणि विचारलं, "पाठीची जखम भरली का?"

बायका फिदीफिदी हसल्या. राणीची हकिगत साऱ्या आळीला ठाऊक होती.

"पिल्लू अजून दूध पितंय का?"

चिंगी हौसाच्या पायाशी तिच्या लुगड्याचा काठ ओढत उभी होती. तिला प्यायचं होतं. हसू जरा कमी झालं.

"अंगात ताकद आली का?"

आता कुणी हसलं नाही. त्यातल्या कितीतरी जणी याच पाटावर अशाच उभ्या राहिल्या होत्या. हौसाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता, पदरात ओटी होती.

धुरपाबाई म्हणाली, "गेण्या, नारळ दे."

"तूच म्हनलीस, मान हालवल्याबिगर न्हाई. म्या सांगितलं तरी न्हाई."

"आरं, ते गाढविणीचं सांगितलं व्हतं."

"मंग हौसाचं काय हाय?"

गेणूनं हे वाद घालायला विचारलं नव्हतं. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. गाढविणीचं आईनं सांगितलं होतं, आगीचं सांगितलं होतं, देवाचं सांगितलं होतं. हौसाच्या बाबतीत काय करायचं ते कुणीच सांगितलेलं नव्हतं. "सांग की," तो म्हणाला. "तसं करतो. ध्यानात ठेवतो."

धुरपाबाईनं तोंड उघडलं. आजवर तिला शिकवण सुचली नाही असं झालं नव्हतं. या वेळी सुचेना.

तेव्हा हौसानं मान हलवली. आडवी. मग कुणाला नीट दिसली नसेल म्हणून पुन्हा हलवली.

"न्हाई झेपायचं," ती म्हणाली. "चिंगी पळाया लागू दे. माझ्या अंगात रगात भरू दे. मंग बघू. आन् तवाबी मला इचारूनच. आत्याबाई, मला मरायचं न्हाई."

धुरपाबाई होती तिथं खाली बसली. तिची पाच बाळंतपणं झाली होती, आणि पाचांतला एक गेणूच काय तो उरला होता. ती हळूच म्हणाली, "मला तर गाढविणीएवढंबी कुणी इचारलं न्हाई गं."

मग ती उठली. पदर पसरून तिनं सुनेची ओटी स्वतःकडे घेतली. "आण ते हिकडं," ती म्हणाली, "पडशील." नारळ गेणूच्या हातातच होता. त्याचं काय करायचं ते कुणी सांगेना, म्हणून तो तसाच धरून उभा होता. शेवटी तानीनं खोबरं मागितलं, तेव्हा फोडला.

बाजाराच्या दिवशी सगळी वरात दवाखान्यात गेली. पुढं हौसा, मागं चिंगीला घेतलेली धुरपाबाई, तिच्यामागं गेणू. राणी घरी होती. गेणूनं तिला विचारलं होतं, तिनं माशा हाकलायला मान आडवी हलवली, तेव्हा तो विषय संपला. वाटेत न्हाव्यानं विचारलं, कुठं निघालात? या वेळी उत्तर धुरपाबाईनं दिलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण न्हावी त्यानंतर बरेच दिवस तांबीविषयी काही बोलला नाही.

नर्सबाईंनी गेणूला ओळखलं. त्याचा घसा आधी तपासला. मग हौसाला तपासलं, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आणि सहज विचारलं, घरात सगळ्यांना विचारून आलात ना?

गेणू म्हणाला, "आधी राणीला इचारलं. मंग हौसाला."

"राणी कोण?"

"आमची गाढवीण."

नर्सबाईंनी हौसाकडे बघितलं. हौसा म्हणाली, खरं आहे ते. नर्सबाई हसल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझा दुसरा तरी नंबर लागला, बाई. इथं येतात त्यांतल्या कितीकींचा लागतच नाही."

त्याच दिवशी तांबी बसली, आणि हौसाच्या अंगात हळूहळू रक्त भरलं. भिंत धरणं सुटलं. पुढं काय झालं, आणखी मूल झालं की नाही, ते हौसा जाणे. तिलाच विचारा.

पण गावातल्या पुरुषांचं काय झालं ते मला सांगितलंच पाहिजे. त्या मंगळवारी ओटीला आलेल्या बायका घरी गेल्या आणि एकेकीनं चुलीपुढं बसून नवऱ्याला तेच म्हटलं. गाढविणीला विचारतात, मग आम्हाला कधी विचारणार? वाण्याच्या बायकोनं म्हटलं. न्हाव्याच्या बायकोनं म्हटलं. सरपंचांच्या सुनेनं तर पारावर येऊन म्हटलं.

पुरुष अजून पारावर जमतात आणि गेणूच्या चुका मोजतात. पेंढ्या जाळल्या, पण त्या दुसऱ्या वर्षी पुन्हा रचता आल्या. माती वाहून गेली, तर तळ्यात माती होतीच. भगत भिजला, पण वाळला. पण बायकोला विचारलं, ही घोडचूक काही केल्या निस्तरता येत नाही. तिनं उत्तर दिलं.